कारणाच्या रकान्यात

१४ जून १९९७, शनिवार

हंबीररावांनी आज बसमध्ये एक पाकीट माझ्या हातात दिलं. आत इंग्रजी पत्र होतं, हॉस्पिटलचं. "रत्नाक्का, स्वल्प वाचून सांगा. बिल राहिलं असेल तर भरून टाकतो."

माझं इंग्रजी म्हणजे अव्हेन्यू रोडच्या फुटपाथवर घेतलेली डिक्शनरी आणि पानाला अर्धा तास. के. आर. पुरमला उतरून स्टॉपच्या बाकावर बसले आणि बोट ठेवून वाचलं. बिल नव्हतं. डॉ. हर्षिता देशकर नावाच्या बाईंचं पत्र होतं. अंडाशयाच्या कॅन्सरवर त्या अभ्यास करताहेत. गेल्या दोन वर्षांत जे रुग्ण गेले त्यांच्या घरच्यांनी थोडी माहिती द्यावी, अशी विनंती. सोबत प्रश्नांचा कागद. पहिला प्रश्न असा: पहिलं लक्षण कोणाच्या नजरेस आलं, आणि त्या व्यक्तीला ते काय वाटलं?

मी हे सगळं सांगितलं तेव्हा ते उभेच होते. शर्टाच्या खिशावर हात. त्या खिशात कसलासा घडीचा कागद असतो, युनियनची पावती असावी. बोलताना सारखा चाचपतात.

"लिहून टाका," ते म्हणाले, "माणूस गेलं. उत्तर नाही."

त्यांच्या आसावरीला जाऊन दहा महिने झाले. फॅक्टरीच्या कॉइल वाइंडिंगमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर चौदा वर्षं बसली ती. केसाहून बारीक तांब्याची तार, डोळ्यापुढे भिंग, आणि कानाशी तिची बडबड. त्या बाईबद्दल तिच्या नवऱ्याला एवढंच सांगायचं आहे.

मी काही लिहिलं नाही. पत्र माझ्याच पिशवीत आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे, ते इथेही लिहवत नाही.

२१ जून, शनिवार

हाफ डे होता. घरी न जाता हॉस्पिटलला गेले. पत्र घेऊन.

डॉक्टरबाई तिशीच्या असतील. नागपूरच्या. मी मराठी बोलले तर खुर्ची पुढे ओढून बसल्या. "मावशी, तुम्ही त्यांच्या कोण?"

शेजारची खुर्ची, असं सांगितलं. त्यांना ते कळलं.

मी विचारलं, वेळेवर आली असती तर वाचली असती का. त्यांनी लगेच हो म्हटलं नाही, म्हणून मला त्या आवडल्या. म्हणाल्या, "सांगता येत नाही. लवकर कळलं तर पुष्कळ बायका वाचतात. पण लवकर कळायचं कसं, हेच आम्हाला धड माहीत नाही. पोट फुगतं, दोन घासांत भरल्यासारखं होतं, कंबर धरते. हे कोणाला होत नाही? कोणी गॅस म्हणतं, कोणी वय म्हणतं. दहातल्या सात बायका माझ्यापर्यंत येतात तेव्हा आजार पोटभर पसरलेला असतो."

मग त्यांनी एक रिकामी खोली दाखवली. गाठींचे तुकडे आणि बायकांचं रक्त वर्षानुवर्षं सांभाळून ठेवायचं, आणि लवकर आलेल्या नि उशिरा आलेल्या बायकांमध्ये फरक काय ते शोधत राहायचं. त्यासाठी उणे सत्तर अंशांचा फ्रीजर लागतो. तो नाही. अनुदानाचा अर्ज दोनदा परत आलाय. खोलीत एक स्टूल होतं आणि भिंतीवर फ्रीजरच्या मापाची खडूची चौकट. इतकी खात्री असलेली रिकामी जागा मी पाहिली नव्हती.

मी म्हटलं, "आमच्या फॅक्टरीत कोणी गेलं तर सगळे एक दिवसाचा पगार देतात. दोन हजार माणसं आहेत."

त्या म्हणाल्या, "पण ते घरच्यांसाठी ना? संशोधनाला कोण देईल, मावशी?"

उत्तर येताना बसमध्ये सुचलं. आसावरीच्या औषधांना आम्ही दिलेच होते. ती गेली. आता ती का गेली हे विचारायलाही द्यायला हवेत.

२३ जून, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत बायकांना सांगितलं. अंडाशय म्हटल्याबरोबर तिघींनी डबे मिटले. "जेवताना काय हे, अक्का." मागच्या टेबलावर प्रेस शॉपची, पत्रे दाबणाऱ्या मशीनवरची माणसं होती, त्यांना ऐकू जाईल म्हणून जीव वर-खाली.

पुण्याहून आलेली ट्रेनी इंजिनिअर सिद्धी मात्र मोठ्यांदा म्हणाली, "ओव्हरी ना? रत्नाताई, सिंपली ओव्हरी म्हणा. त्यात काय एवढं?"

"तुझ्या पुण्यात म्हणत असतील," शेवंता म्हणाली. "इथं आम्हाला संसार आहे."

सिद्धी हसली. पण संध्याकाळी तिनेच संमतीचा फॉर्म टाइप करून दिला, कानडीत आणि इंग्रजीत. पगारातून एक दिवस कापायला प्रत्येकाची वेगळी सही लागते. नाव, फॅक्टरीतला तिकीट नंबर, खाते, कारण, सही. कारणाचा रकाना तिने रिकामा ठेवलाय. "ते तुम्ही भरा, ताई. तुमच्या हँडरायटिंगमध्ये बरं वाटेल."

मी भरलं. अंडाशयाच्या कॅन्सरचं संशोधन. कानडीतही तो शब्द अंडाशयच आहे.

२ जुलै, बुधवार

युनियनची संमती असल्याशिवाय हजेरी-पगाराचं टाइम ऑफिस फॉर्म घेत नाही, आणि युनियनचे सेक्रेटरी हंबीरराव. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल.

त्यांनी फॉर्म वाचला, पालथा घातला, वर पेपरवेट ठेवलं. "रत्नाक्का, कुणाचं घर उघडं पडलं तर एक दिवस. हा आपला नियम. हॉस्पिटलच्या फ्रीजरला नाही."

"आसावरीसाठी आहे."

"तिच्यासाठी आता काही नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि हे जे लिहिलंय, हे दोन हजार गडी वाचणार. वाचतील आणि माझ्याकडं बघतील."

परसू तिथेच टेबलावर बसला होता, प्रेस शॉपचा. तोंडाचा फटकळ. म्हणाला, "अक्का, तुम्ही आमचा एक दिवस एकदा घेतलाय. आता फ्रीजरला पण पाहिजे?"

हंबीरराव त्याला म्हणाले, "परसू, बाहेर हो." तो गेला. मीही गेले.

खरं आहे ते. एक्क्याऐंशी साली हे प्रेसवरच छातीत कळ येऊन गेले, तेव्हा सगळ्यांनी एक दिवस दिला. मग ह्यांच्या जागी मला नोकरी दिली. मी तेव्हा चौथी पास होते आणि बॉबिनवरचे नंबर सोडून इंग्रजी काही वाचता येत नव्हतं. घेतलाय मी त्यांचा दिवस.

हंबीररावांचं दुसरं लग्न ठरल्याची बोलवा आहे. त्यांच्या शेजारणीने घरात नवाकोरा पाळणा पाहिला म्हणे. वर्ष तरी सरू द्यायचं.

३ जुलै

काम केलं. घरी आले.

६ जुलै, रविवार

मामंजींना सांगायचं नाही असं ठरवलं होतं. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस, मुलाचं नाव निघालं की रात्री जेवत नाहीत. पण त्यांनी माझ्या पोळ्यांवरून ओळखलं. "रत्ना, आज कणकेला कुणाचा राग?"

सांगितलं. मामंजी म्हणजे चिकपेटेच्या बाजारात पन्नास वर्षं कापड फाडलेला माणूस. बराच वेळ चघळत राहिले. मग म्हणाले, "आमच्या दुकानात एक अण्णा यायचे. लग्नात दिलेल्या आहेराचं पुढं बारा वर्षं बोलले. लोक त्यांना आहेर परत द्यायला लागले, तर तोही घेईनात. बोलण्यातच सुख होतं त्यांचं."

"मग मी काय करू?"

"घेतलाय म्हणायचं. ताठ मानेनं. घेतलेल्या माणसालाच मागता येतं नीट. त्याला ठाऊक असतं काय मागतोय ते."

मग दोन पोळ्या जास्त जेवले.

१९ जुलै, शनिवार

हंबीररावांनी निरोप धाडला. तडजोड. कारणाच्या रकान्यात 'महिला आरोग्य' लिहा, युनियन शिक्का देईल.

दिवसभर विचार केला. पैसे तेच, फ्रीजर तोच. कोणाला लाज नाही, कोणाकडे कोणी बघणार नाही. डॉक्टरबाईंना फोन केला. म्हणाल्या, "मावशी, पैसे मिळतील तर चांगलंच. पण माझ्याकडे बायका उशिरा येतात त्याचं निम्मं कारण हेच आहे. नाव घेत नाही कुणी." मग लगेच, "पण तुम्हाला तिथे रोज राहायचंय. तुम्ही ठरवा."

मी हो म्हटलं. सिद्धीने नवे फॉर्म टाइप केले. या वेळी कारणाचा रकानाही तिनेच टाइप करून टाकला.

४ ऑगस्ट, सोमवार

सगळं बुडालं.

पंधरा दिवसांत सहाशे सह्या झाल्या होत्या. आज सकाळी प्रेस शॉपमध्ये बातमी, की कॉइलच्या बायका लेडीज रूमला आरसे आणि गीझर बसवून घेताहेत पुरुषांच्या पगारातून. महिला आरोग्य म्हणजे दुसरं काय असणार. कँटीनच्या फळ्यावर कुणीतरी फणी काढली होती. परसू ओरडून विचारत होता, "अक्का, पावडर पण आमच्याकडूनच का?"

दुपारपर्यंत लोक टाइम ऑफिसपुढे सही मागे घ्यायला उभे. तिथले हेडक्लार्क सयाजी नियमाचे पक्के. त्यांनी सगळा गठ्ठाच रद्द केला आणि नोटीस लावली: यापुढे एकदिवसीय कपातीसाठी प्रत्येकाने हेडक्लार्कसमोर येऊन कारण मोठ्याने वाचून दाखवावे, ज्याला वाचता येत नाही त्याने ऐकून पुन्हा म्हणावे, मगच सही. म्हणजे कुणी नंतर म्हणायला नको, आम्हाला माहीत नव्हतं.

म्हणजे आता खरं कारण लिहिलं तर संपलंच. कोण म्हणणार आहे तो शब्द सयाजींच्या तोंडावर?

लोकांवर रागावता येत नाही. आम्ही झाकून दिलं, त्यांनी मनाला येईल ते भरलं. आसावरीच्या पोटाचंही आम्ही तेच केलं होतं.

१० ऑगस्ट, रविवार

हंबीररावांच्या घरी जाऊन आले. सगळं नीट लिहून ठेवते.

दारातच पाळणा दिसला. भिंतीला टेकवलेला, सागवानी, वर प्लास्टिक तसंच. मी मनात म्हटलं, लग्नाचं खरंच आहे तर. पाणी दिलं त्यांनी. मी बसले नाही. बसले असते तर बोलले नसते.

म्हटलं, "पंच्याण्णवच्या दिवाळीनंतर आसावरीला जेवण जाईना, पोट जरा दिसायला लागलं, पाळी चुकली. तिला वाटत होतं वय झालं. बेचाळीसची होती. मी तिला म्हटलं, वेडे, तुझा पाळणा हलणार. पहिल्यांदा मी म्हटलं. तोपर्यंत तिच्या मनात पण नव्हतं."

त्यांचा हात खिशावर गेला.

"मग सगळ्या बायका म्हणायला लागल्या. फेब्रुवारीत कँटीनच्या मागच्या खोलीत तिला हिरव्या बांगड्या भरल्या. मी विधवा, म्हणून आत गेले नाही, दाराशी उभी राहिले, कुणी येईल म्हणून पहारा करत. आत हसत होती ती. तपासून घे म्हटलं तर म्हणायची, पाचवा उलटू दे, दृष्ट लागेल. आणि मीच तिला म्हटलं, बरोबर आहे. एप्रिलमध्ये हॉस्पिटलला गेली तेव्हा डॉक्टर म्हणाले मूल नाही, पाणी आहे. डॉक्टरबाईंच्या कागदावर पहिला प्रश्न आहे ना, कोणाच्या नजरेस आलं आणि काय वाटलं? त्याचं उत्तर मी आहे."

मला वाटलं होतं ते मला घालवून देतील. त्यांनी खिशातला तो कागद काढून माझ्या हातात दिला. घड्यांवर फाटून चार तुकडे झालेले, मागून चिकटपट्टी. युनियनची पावती नव्हती. इथल्या दवाखान्याची चिठ्ठी होती. सतरा जानेवारी शहाण्णव. पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी, तातडीने. तातडीने खाली दोन रेघा.

"तिला सर्दीचं औषध आणायला नेलं होतं," ते म्हणाले. "डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि मला बाजूला घेऊन ही दिली. मी तिला दाखवली नाही. मशीन लावलं की मूल नाही म्हणतील, याची भीती वाटली, अक्का. सतरा वर्षांत तिला इतकं हसताना बघितलं नव्हतं. त्याच संध्याकाळी जाऊन पाळणा आणला. तीन महिने चिठ्ठी खिशात आणि पाळणा घरात."

मग मी बसले.

चिठ्ठी त्यांना परत देऊन म्हटलं, "फॉर्मवर नाव लिहू द्या. तिचं नाही, आजाराचं."

ते म्हणाले, "दोन हजार लोकांना काय सांगणार?"

"माझं सांगेन. बांगड्यांचं. तुमचं नाही सांगणार."

"सरी, चालेल," म्हणाले. "पुढच्या सोमवारी गेट मीटिंग लावतो. मात्र एकदा पडलं तर पुन्हा माझ्याकडे यायचं नाही. युनियन दोनदा हसं करून घेत नाही."

येताना दारात विचारलं, चहा घेणार का. आता विचारायचं सुचलं त्यांना. घेतला.

१७ ऑगस्ट, रविवार

उद्या. भाषण लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं. मामंजींना वाचून दाखवलं. म्हणाले, "कापड चांगलं आहे, पण फार वार झालं." निम्मं कापलं.

हे असते तर पुढच्या रांगेत उभे राहिले असते. टाळी वाजवली नसती, त्यांना ते जमत नसे. डबा हातात धरून नुसते उभे राहिले असते.

१८ ऑगस्ट, सोमवार

अडीचला पाळी बदलते, दोन वाजता गेटवर सगळे जमले. सकाळचे आणि दुपारचे, दोन्ही. सिक्युरिटीवाल्याच्या स्टुलावर मला उभं केलं. सिद्धीने स्टूल धरलं होतं. हंबीरराव लांब, सायकल स्टँडपाशी.

लिहिलेला कागद काढलाच नाही. कानडीत म्हटलं, "मी रत्नाबाई, कॉइल वाइंडिंग. मी आता अंडाशय म्हणणार आहे. ज्याला हसायचंय त्याने आत्ता हसून घ्यावं, अडीचला मशीनवर जायचंय."

हसले. चांगले हसले. मी थांबले. हसून झाल्यावर लोक ऐकतात.

म्हटलं, "परसूने मला सांगितलं की मी तुमचा एक दिवस घेतलाय. बरोबर आहे. एक्क्याऐंशी साली घेतला. त्या दिवसावर मी उभी राहिले. आज दुसरा मागतेय, आणि तो माझ्या घरी येणार नाही." मग बांगड्यांचं सांगितलं. मी काय म्हटलं होतं तेही. मागे आमच्या बायका पदर तोंडाला लावून उभ्या होत्या, पण कुणी निघून गेली नाही. शेवंता सगळ्यांत पुढे होती.

मग परसू. मला वाटलं, झालं. पण त्याचा आवाज वेगळाच होता. "अक्का, मग गॅस आहे की ते आहे, हे ओळखायचं कसं?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

"डॉक्टरला?"

"त्यांनाही पक्कं माहीत नाही. चार आठवडे पोट उतरलं नाही तर दाखवा, एवढंच सांगतात. त्याच्या आधी कसं ओळखायचं, ते शोधायला पैसे मागतेय."

इतकं साधं होतं ते. दोन महिने मी संशोधन म्हणजे काय ते डिक्शनरीत शोधत होते, आणि परसूच्या एका प्रश्नात ते सगळ्यांना कळलं.

तेवढ्यात हंबीरराव सायकल स्टँडवरून चालत आले. गर्दीने वाट दिली. ते स्टुलावर चढले नाहीत. खिशातून चिठ्ठी काढली, सगळ्यांना दिसेल अशी वर धरली, आणि तारखेसकट वाचली. म्हणाले, "ही माझ्याकडे तीन महिने होती. मूल नाही म्हणतील याची मला भीती वाटली, आणि नंतर त्या अवयवाचं नाव घ्यायची लाज वाटली. आता कुणी माझ्याकडे बघायचं असेल तर बघा."

सगळे बघत होते. मीही. मी त्या माणसाबद्दल या वहीत काय काय लिहिलंय, ते आता खोडत नाही. तसंच राहू दे.

अडीचचा भोंगा झाला तरी लोक लगेच हलले नाहीत.

२५ ऑगस्ट, सोमवार

सयाजींचा नियम. मला वाटलं होतं तोच आम्हाला बुडवणार.

टाइम ऑफिसच्या खिडकीपुढे रांग. सयाजी चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, "कारण वाचा." पहिला नंबर पेंट शॉपच्या विठोजीचा, रिटायरला चार महिने राहिलेला. कुजबुजला. सयाजी म्हणाले, "ऐकू आलं नाही. मोठ्याने." विठोजीने खाकरून घेतलं आणि असं म्हटलं की कँटीनमधला आचारी बाहेर आला. "अंडाशयाच्या कॅन्सरचं संशोधन."

"सही करा. पुढचा."

पहिल्या दिवशी माना खाली होत्या. दुसऱ्या दिवशी पोरं एकमेकांची परीक्षा घ्यायला लागली, अरे अंडकोश नव्हे, नीट म्हण, सयाजीअण्णा परत पाठवतील. आज तर रांगेत उभ्या उभ्या लोक तो शब्द तिकीट नंबरासारखा म्हणत होते. दिवसभर खिडकीतून तेच. अंडाशयाच्या, अंडाशयाच्या. आमच्या सेक्शनपर्यंत ऐकू येत होतं. शेवंता म्हणाली, "अक्का, संध्याकाळच्या आरतीसारखं वाटतंय गं." डबा उघडा ठेवून म्हणाली.

परसू तीनदा रांगेतून मागे गेला. चौथ्यांदा आला तेव्हा सयाजींना म्हणाला, "आधी सांगा, बायकोला दाखवायला कुठल्या ओपीडीत न्यायचं? मग वाचतो." सिद्धीने लगेच कागदावर वार आणि खोली नंबर लिहून दिला. त्याने तो खिशात घातला नाही, हातातच धरला. मग वाचलं, चुकलं नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

दोन हजार चाळीसपैकी एकोणीसशे सत्तर. सयाजी म्हणतात, पंचवीस वर्षांत मेलेल्यासाठीसुद्धा एवढ्या सह्या झाल्या नाहीत. उरलेल्या सत्तरांतले काही रजेवर आहेत.

डॉक्टरबाईंना फोन केला. मी आकडा सांगितला. त्यांनी तो पुन्हा म्हणायला लावला. मग म्हणाल्या, "मावशी, फ्रीजर येईल, वर्षभराची रसायनं येतील, आणि एक माणूस ठेवता येईल." त्या रडत असाव्यात. मी विचारलं नाही, त्यांना मान राहावा म्हणून.

परसूच्या बायकोला, शुभदाला, बुधवारी तपासलं. डाव्या बाजूला गाठ निघाली आहे. लिंबाएवढी. अजून तिथल्या तिथेच दिसतेय म्हणतात. सोमवारी ऑपरेशन. आज परसूचं प्रेस शॉप इतकं शांत की मशीनचा आवाज जास्त वाटत होता.

२४ सप्टेंबर, बुधवार

रिपोर्ट आला. कॅन्सरच होता, पण गाठीच्या आतच. काढला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "वर्षात अशा दोन-तीनच बघायला मिळतात मला." शुभदाने तिच्या गाठीचा तुकडा संशोधनाला द्यायला स्वतः सही केली. फ्रीजर अजून आला नाही, पण बाईंनी दुसऱ्या संस्थेत महिनाभर जागा मागून घेतली आहे.

परसू माझ्या खुर्चीपाशी येऊन उभा राहिला. मला वाटलं पाया पडेल, म्हणून मी आधीच म्हटलं, "तार तुटेल, लांब राहा."

तो म्हणाला, "अक्का, त्या दिवशी मी बोललो ते..."

"खरं बोललास. म्हणून तर मला बोलता आलं."

गेला. मग मी भिंग बाजूला सारून डोळे पुसले. शेजारच्या खुर्चीवर नवी मुलगी असते आता. आसावरी असती तर विचारलं असतं, परसूसारख्या माणसासाठी कसली रडतेस? आणि मग तिनेच सगळ्या सेक्शनला सांगितलं असतं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आयुधपूजा, आपली खंडेनवमी. वर्षातून हा एकच दिवस घरच्यांना फॅक्टरीत सोडतात. मशीनना हार, भोपळे फोडलेले, सगळीकडे चुरमुरे आणि झेंडूच्या पाकळ्या. मामंजींना यंदा सिद्धी रिक्षाने घेऊन आली. ह्यांच्या प्रेसपाशी उभे राहिले ते. आता तिथे दुसरं मशीन आहे, पण जागा तीच. हात लावून म्हणाले, "गरम नाही." मी म्हटलं, "आज बंद असतात सगळी." सरी, म्हणाले, आणि काठी टेकत पुढे गेले.

डॉक्टरबाई स्वतः आल्या होत्या, चेक घ्यायला. मॅनेजमेंटने मंच बांधला होता. हंबीररावांनी चेक दिला, फोटो काढला, पाच मिनिटांत झालं. बाईंनी माइकवर सांगितलं, कुणाला काही विचारायचं असेल तर मी कॉइल सेक्शनपाशी टेबलावर बसते. आम्ही दोन खुर्च्या ठेवल्या. मला वाटलं होतं कुणी येणार नाही. घरच्या माणसांसमोर, सणाच्या दिवशी.

पहिली आली ती बाई मी ओळखत नव्हते. जरीचं लुगडं, डोक्यात भरगच्च अबोली, हातात चुरमुऱ्यांची पिशवी, मागे नवरा, पेंट शॉपचा. ती खुर्चीवर बसलीच नाही. उभ्यानेच कानडीत विचारलं, आवाज जराही न उतरवता, "डॉक्टरम्मा, अंडाशय डावीकडं असतं का उजवीकडं?"

"दोन्हीकडे," बाई म्हणाल्या. "एक एक."

ती नवऱ्याकडे वळली. "ऐकलंत? दोन असतात. तुम्ही घरी येऊन एकच म्हणालात."

नवरा म्हणाला, "सयाजीअण्णाने तेवढंच विचारलं होतं."

मागून हसू आलं. त्याच्या मागे आणखी एक जोडपं उभं होतं, त्यामागे एक सासू आणि सून, त्यामागे शेवंता आपल्या नणंदेचा हात धरून, आणि दरवाजाबाहेर हंबीरराव लोकांना एका रांगेत घेत होते. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मावशी, दोन खुर्च्यांनी भागणार नाही."

मी कँटीनमधून बाकं आणायला गेले.